लेबल लावलेल्या कॅसेटी

दिलीपरावांचा फोन आला तेव्हा मी इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होते. "उषावहिनी, सुनंदा गेली," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मागे कुठल्याशा ट्रॉलीची चाकं वाजत होती, एक नर्स मोठ्यानं मल्याळममध्ये कुणाला तरी हाक मारत होती. अबुधाबीच्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सुनंदानं वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, तिथेच, दोन मजले वरच्या वॉर्डात ती गेली. आदल्याच आठवड्यात मी तिला भेटून आले होते. वॉर्डातल्या टीव्हीचा आवाज बंद होता आणि पडद्यावर बगदादचा धूर दिसत होता. ती बराच वेळ तिकडे बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "उषा, लोक परत मुलांना पाठवतायत का गं इंडियात?" मी म्हटलं, "एकदोघांनी तिकिटं बुक केलीयत म्हणे." ती म्हणाली, "नको म्हणावं... कोणी पाठवू नका म्हणावं." आणि तिनं डोळे मिटले. तिचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं.

त्याला आता सात आठवडे झाले. तिच्यावर लिहा, असं दोघातिघांनी सुचवलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांची मोजदाद ठेवणारी, कोणाचा रिपोर्ट वाईट आला तर घरी जाऊन सांगणारी सुनंदा सगळ्यांच्या ओळखीची होती. पण मी बसले की कागद कोराच. कारण सुनंदाबद्दल लिहायचं तर तिच्या मुलीबद्दल लिहायला हवं, आणि तिच्या मुलीबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार. हे मी बारा वर्षं टाळलं. आता टाळण्यात काही अर्थ उरलेला नाही.

आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो, ते दोघं सातव्या मजल्यावर आणि आम्ही पाचव्या. पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा मला हसू आवरेना. प्रत्येक डब्यावर लॅबमधली पांढरी चिकट लेबलं लावलेली, त्यांवर निळ्या शाईत बारीक अक्षर: तूरडाळ, भरली तारीख अमुक. गोडा मसाला, आईकडचा, तारीख अमुक. दिलीपराव म्हणायचे, "मलाही एक लावून टाक, म्हणजे एक्स्पायरी कळेल." ती म्हणायची, "तुमचं सॅम्पल कधीच बाद झालंय." अशी हजरजबाबी बाई. तिची मेघना आणि माझा निखिल दोन महिन्यांच्या अंतरानं जन्मले. दोघांना एकाच टबात आंघोळी घातल्या आम्ही. सुनंदाची शिफ्ट असली की मेघू माझ्याकडे असायची. मला काकू म्हणायची, आणि झोप आली की माझ्या पदराचं टोक तोंडात घालायची.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेत गेलं आणि आमची दुनिया पार बदलली. शुक्रवारी पुरुष एकत्र जमायचे ते रेडिओभोवती. क्षेपणास्त्र कुठवर येतं, वारा कुठल्या दिशेचा आहे, यावर असे बोलायचे की जणू सगळे लष्करातून रिटायर झालेत. खिडक्यांच्या काचांना आम्ही तपकिरी टेपच्या फुल्या मारल्या. प्रत्येक घरात एक खोली बंद करून तिच्यात पाण्याचे कॅन आणि तांदूळ भरले. आणि बायकांमध्ये एकच विषय, मुलं. खालच्या मजल्यावरच्या दापोलीच्या हमीदाभाभींनी चारही मुलं नोव्हेंबरातच पाठवून दिली. पाठवणाऱ्या आयांना वाटायचं, न पाठवणाऱ्यांचं काळीज दगडाचं आहे. न पाठवणाऱ्यांना नेमकं तेच पाठवणाऱ्यांबद्दल वाटायचं. लिफ्टमध्ये भेटलो तरी एकमेकींची नजर चुकवायचो.

सुनंदाला मेघूला पाठवायचं नव्हतं. "जे व्हायचं ते तिघांचं एकत्र होऊ दे," असं ती म्हणायची. पाठवायचा धोशा मी लावला. माझा स्वभावच तसा, एकदा एक गोष्ट डोक्यात शिरली की दुसऱ्याला पटेपर्यंत मी थांबत नाही. मी म्हटलं, "तुझं काळीज जपायला पोरीला इथे ठेवणार आहेस का? निखिलला मी पुण्याला सासूबाईंकडे ठेवणार. मेघूला तुझ्या माहेरी ठेवू. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." तिच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या, पासपोर्टही हॉस्पिटलनंच ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतले होते. ती जाऊच शकत नव्हती. शेवटी डिसेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "खलास. ने तिला. पण नेशील ती तूच, दुसऱ्या कोणाबरोबर मी पाठवणार नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मेघूच्या बॅगेतल्या प्रत्येक कपड्याला लेबल होतं. वर एक कॅसेट. स्वयंपाकघरातल्या टू-इन-वनवर सुनंदानं तासभर बोलून ती भरली होती, गोष्टी, श्लोक, सूचना. "झोपताना लावायची," तिनं मला बजावलं. विमानतळावर ती मेघूसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मेघूनं मान डोलावली आणि येऊन माझा हात घट्ट धरला. सुनंदा कानात काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.

तिचं माहेर चिपळूणपासून दीड तासावर, गुहागरच्या वाटेवर. भाऊ गावच्या पोस्टात होते. वहिनींना मूल नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झालेली. आम्ही पोचलो तर त्या माउलीनं मेघूसाठी एक नवा छोटा पाट करून घेतला होता, लहान ताटवाटी आणली होती. मी चार दिवस राहिले. रोज संध्याकाळी मेघू कॅसेट लावायची आणि माझा हात धरून ऐकायची. चौथ्या दिवशी सकाळी माझी एसटी होती. वहिनी म्हणाल्या, "मी तिला न्हायला घेत्ये. डोळ्यांत शिकेकाई असेल, तेवढ्यात तुम्ही निघा. बघितलंन तर सोडायची नाही तुम्हाला." रडणाऱ्या मुलाला असंच फसवून निघायचं असतं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच पाठ. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात निखिल, मी निघाले. वळणापर्यंत पोचले आणि मागून हाक आली, "काकू!" मग पुन्हा. मग नुसतं ओरडणं... मी मागे वळून पाहिलं नाही. निखिल मात्र मान वळवून पाहत होता. म्हणाला, "मम्मी, शी इज रनिंग." मी त्याला ओढत स्टँडवर नेलं.

पुण्यात तीन दिवस काढले आणि निघायच्या दिवशी निखिलनं माझ्या कमरेला मिठी मारली. सोडीना. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गपचूप, मी त्याला गच्चीवर नेते." तीच युक्ती. पण माझ्याच्यानं झालं नाही. मी त्याचंही तिकीट काढलं आणि त्याला घेऊन अबुधाबीला परत आले. सुनंदाला दोन महिने जे ज्ञान पाजलं होतं, ते स्वतःच्या मुलाच्या वेळी तीन दिवसही टिकलं नाही. झालं ते असं झालं.

मी आल्याचं कळताच सुनंदा धावत खाली आली. दारात निखिलचे बूट होते. ती त्या बुटांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मग विचारलं, "निघताना मेघू रडली का गं?"

"छे!" मी म्हटलं. "हसत होती. मला टाटा केलं."

सुनंदा खुर्चीत बसली. तिचे खांदे एकदम सैल पडले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून मला वाटलं, खोटं बोलले ते पुण्यकर्मच झालं.

पुढच्याच आठवड्यात युद्ध सुरू झालं. आमच्या डोक्यावर काहीही पडलं नाही. पडलं ते दुसरीकडे, दुसऱ्यांच्या मुलांवर. आम्ही टीव्हीसमोर बसून ते बघितलं आणि चहा प्यायलो. काही दिवसांनी शाळा भरल्या, निखिल संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सायकल फिरवायला लागला. सुनंदा ड्यूटीवरून यायची ती त्याच्यासमोरूनच. पर्समधून एक चॉकलेट काढून त्याला द्यायची. तो "थँक यू, आँटी" म्हणायचा. खिडकीतून मी हे बघायचे आणि मला वाटायचं, हिनं एकदा तरी माझ्या मुलाला चॉकलेट न देता पुढे जावं.

मग गावाहून कॅसेट आली. चिपळूणचे एक गृहस्थ इकडे नोकरीला परत येत होते, त्यांच्याबरोबर. कॅसेट तीच, सुनंदानं पाठवलेली. तिच्यावर वहिनींनी मेघूचा आवाज भरून परत पाठवलेला. मी विचारलं, "काय म्हणतेय गं?" सुनंदा म्हणाली, "काय म्हणणार, पोरासोरांची बडबड." ती कॅसेट तिनं मला ऐकवली नाही, आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या ऐकवल्या. कॅसेट आली की फोन यायचा, "यल्ला, चहा टाकलाय, वर ये." मेघू कविता म्हणायची, मागे कोंबड्या ओरडायच्या, वहिनींची कुजबुज ऐकू यायची, "सांग ना, आईला सांग, मांजरीला पिल्लं झाली." सुनंदा प्रत्येक कॅसेटला लॅबचं लेबल लावायची. क्रमांक, नाव, वय किती वर्षं किती महिने, मिळाल्याचा महिना. मग एका चौकोनी बिस्किटांच्या डब्यात उभी ठेवायची, आणि स्वतः तासभर बोलून नवी कॅसेट भरायची. कोणी गावाकडे निघालं की त्याच्या गळ्यात ती पडायचीच. "बघ, वहिनी किती जपून परत पाठवते," ती म्हणायची. खेड्यात कोऱ्या कॅसेटी कुठून मिळणार, म्हणून त्या बापड्या आलेल्या कॅसेटीवरच उत्तर भरत होत्या. याचा अर्थ काय होतो, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

युद्ध फेब्रुवारीअखेर संपलं. सुनंदा म्हणाली, "आता आणते तिला." मग दिलीपराव म्हणाले, तिथे शाळेत घातलीय, एप्रिलची परीक्षा होऊ दे. मग वहिनींचं पत्र आलं, मे महिना आहे, आंबे खाऊ देत पोरीला. सुनंदानं मला विचारलं, "काय करू?" आणि मी म्हटलं, "तिकडे रमलीय की! आठवतं ना, मी निघाले तेव्हा कशी हसत होती." हे वाक्य मी दोनदा उच्चारलं. सुनंदा माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "हो, आठवतं." जूनमध्ये तिची रजा नामंजूर झाली, कारण युद्धात अडकलेल्या सगळ्यांनीच रजा मागितल्या होत्या. आणि जुलैमध्ये मेघूला अमिरातीबाहेर सहा महिने पूर्ण झाले, तिचा रेसिडेन्स व्हिसा आपोआप रद्द झाला. हा नियम इथल्या प्रत्येकाला माहीत असतो. सुनंदा, जी तूरडाळीच्या डब्यावर तारीख घालायची, ती ही तारीख विसरली. की ती मोजायचीच नाही, असं तिनं ठरवलं होतं? मला नाही सांगता येत.

नवा व्हिसा काढायचा तर बापाच्या नावावर. नेमकी तेव्हाच दिलीपरावांच्या कंपनीनं गाशा गुंडाळला. त्यांना फुजैराला बंदरात नोकरी मिळाली, पण तिथे कुटुंबाचा व्हिसा द्यायला तयार नव्हते. ते आठवड्याला एकदा यायचे, आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात होऊन जाईल, इन्शाल्ला." तो पुढचा महिना यायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात सुनंदा एकदा रजेवर गावी जाऊन आली. आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "मला ताट वाढलं होतं पाहुण्यांचं. पाटाखाली रांगोळी." एवढंच बोलली.

त्र्याण्णवमध्ये मेघू आली. आठ वर्षांची, तेल लावलेल्या दोन वेण्या, पायांत पैंजण. सुनंदानं घर सजवलं होतं, पलंगावर नवी चादर घातली होती. मेघू सगळ्यांशी नीट वागली, आणि त्यातच सगळं आलं. आपल्या घरात कोणी इतकं नीट वागत नाही. फ्रीजमधलं पाणी घ्यायच्या आधी विचारायची. निखिल तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलायला लागला, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा काय म्हणतोय?" शाळेनं तिला दोन यत्ता खाली बसवलं. महिन्याभरात तिचं जेवण तुटलं. संध्याकाळ झाली की सातव्या मजल्याच्या खिडकीत जाऊन उभी राहायची. तिथे काचेवर टेपच्या फुलीचा चिकट डाग अजून होता, तो नखानं खरवडत बसायची. सुनंदानं एकदा तिला जवळ घेऊन विचारलं, "काय हवंय माझ्या बाळाला?" मेघू म्हणाली, "घरी जायचंय." मी तिथेच बसले होते. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "बरं. जाऊ."

तीन महिन्यांनी ती स्वतः जाऊन तिला सोडून आली. या वेळी सांगून, निरोप घेऊन, डोक्यावरून हात फिरवून. "रडली का?" मी भीतभीत विचारलं. "नाही," सुनंदा म्हणाली. "या वेळी खरंच नाही रडली." त्या 'खरंच'वर मी तेव्हा थांबायला हवं होतं. थांबले नाही.

वर्षं गेली तशी गेली. वहिनींना दोष द्यायला जागाच नव्हती, त्यांनी पोरीला तळहातावर वाढवलं. मेघू त्यांना मामीच म्हणायची आणि सुनंदाला, मैत्रिणींशी बोलताना, 'अबुधाबीची आई'. तिचं दुखलंखुपलं, तिचा दहावीचा निकाल, सगळं आधी तिकडे आणि मग फोनवरून इकडे. कॅसेटी कधीच बंद झाल्या होत्या. सुनंदा लॅबमधल्या नव्या मुलींना काम शिकवत राहिली, डब्यांवर लेबलं लावत राहिली. मला तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त एकदा, निखिल अमेरिकेला शिकायला निघाला तेव्हा भेटायला आली आणि त्याच्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "किती उंच झाला गं हा." आणि आत जाऊन माझ्या पोळ्या लाटायला लागली.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. घर आवरायला दिलीपरावांबरोबर मेघना आली. साडेअठरा वर्षांची, शांत, आईसारखी रुंद कपाळाची. एका दुपारी बिस्किटांचा तो डबा घेऊन माझ्याकडे आली. "काकू, तुमच्याकडे टेपरेकॉर्डर आहे ना? घरचा चालत नाहीये. आईचा आवाज ऐकायचाय." आम्ही एकेक कॅसेट लावत गेलो. चौदा कॅसेटी होत्या. लावू तिच्यात शेवटपर्यंत मेघनाच. कविता, कोंबड्या, मांजरीची पिल्लं. "सगळ्यात मीच आहे," ती म्हणाली. "आई कुठे आहे?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक उत्तर सुनंदाच्या तासभर बोलण्यावर भरलेलं होतं. पोरीकडे आईचा आवाज कधी राहिलाच नाही. दर महिन्याला यायचा, दोन-चार दिवस ऐकला जायचा आणि पुसला जायचा.

पहिली कॅसेट आम्ही शेवटी लावली. सहा वर्षांच्या मुलीचा आवाज, रडून घोगरा झालेला. "आई, काकू मला न सांगता गेल्या. मी न्हात होते. मी तशीच पळत गेले, पण त्यांनी बघितलंच नाही. निखिलनं बघितलं. तू ये." मग वहिनींचा आवाज, "असं नाही सांगायचं राजा," आणि खट्. म्हणजे सुनंदाला हे फेब्रुवारीतच कळलं होतं. मे महिन्यात मी पुन्हा 'हसत होती' म्हटलं तेव्हा, आणि पुढची सगळी वर्षं माझ्या हातचा चहा घेतला तेव्हाही तिला ठाऊक होतं. मी बंद करायला हात पुढे केला, पण टेप फिरतच होती. मेघूचं बोलणं इतकं छोटं होतं की पुढचं पुसलं गेलं नव्हतं. मध्येच, वाक्य अर्धं तुटलेलं, सुनंदा बोलायला लागली. तरुण, भरभर बोलणारी सुनंदा. "...आणि मामीला त्रास द्यायचा नाही. काकूंचा हात सोडायचा नाही. विमानतळावर मी तुला कानात सांगणार आहे ना, तेच. दहाच दिवस. मग काकू तुला परत घेऊन येणार आहेत." दहा दिवसांचं आमचं कधीच ठरलं नव्हतं.

मेघनानं टेप थांबवली. मग तिनं विचारलं, "खरंच न सांगता गेला होतात?"

"हो."

"का?"

"तू रडशील म्हणून."

"रडलेच की," ती म्हणाली. रागानं नाही. जसं घडलं तसं सांगितलं.

मला वाटलं, आता मी काहीतरी बोलायला हवं. माफी मागायला हवी, निदान तिचा हात धरायला हवा. तिचा हात टेबलावरच होता. मी चहा ठेवू का, असं विचारलं. ती नको म्हणाली, डबा उचलला, "येते काकू" म्हणाली आणि गेली. आठवड्याभरात गावी परतली. पहिली कॅसेट माझ्या टेपरेकॉर्डरमध्येच राहिली. विसरली की ठेवून गेली, ते मी अजून फोन करून विचारलेलं नाही.

त्या कॅसेटची रिकामी डबी टेबलावर होती. बाहेर नेहमीचं लेबल होतं: क्र. १. मेघना. वय सहा वर्षं चार महिने. मिळाली, फेब्रुवारी. कॅसेट आत ठेवण्यासाठी म्हणून मी डबी उघडली तर आतल्या बाजूला दुसरं एक लेबल होतं, लाल शाईतलं. वाईट रिपोर्टवर ती डॉक्टरांसाठी लाल शाईत सूचना लिहायची, तसंच बारीक, सरळ अक्षर: 'उषाला ऐकवू नये.'

मेघनानं ते वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही. कॅसेट मी डबीत घालून कपाटात ठेवली आहे, इस्त्रीच्या कपड्यांच्या मागे. ऐकवू नये असं लिहिलंय, म्हणून मी ती पुन्हा लावत नाही.